सात नंबरची केस

ब्लॉक उजेडाकडे धरला आणि त्यातून मला पलीकडच्या खिडकीची जाळी दिसली.

"पाटोळे, हे काय आहे?"

"ब्लॉक हाय मॅडम."

"ते मलाही दिसतंय. यातला तुकडा कुठाय?"

पाटोळे आमच्या लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. ते हातातला चिमटा पुसत उभे राहिले.

पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा आम्ही मेणात बसवतो. आगपेटीपेक्षा लहान असा तो पांढरट ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंग द्यायचा, की झाली स्लाइड. जपून वापरला तर सुईने काढलेल्या एवढ्याशा तुकड्यावर सगळ्या तपासण्या भागतात. नाही जपला तर नुसतं मेण उरतं. माझ्या हातात नुसतं मेण होतं.

"मी रजेवर जाताना यात सुईने काढलेले तीन चांगले धागे होते," मी म्हणाले. "कुठे गेले?"

"सेटला, मॅडम."

"कसल्या सेटला?"

"परिषदेच्या. सरांनी सांगितलं, सात नंबरला ही केस घ्या, येणाऱ्या परतेकाला एक स्लाइड काढा. मी काढल्या. बॉक्स पोस्टानं गेलेसुदिक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्टीला कितीतरी वर्षं झाली, पण आजही हे लिहिताना ती तशीच जाते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दरवर्षी राज्यभरचे पॅथॉलॉजिस्ट एका ठिकाणी जमतात. त्याआधी काही दिवस प्रत्येकाला एक खोका येतो, त्यात अवघड केसेसच्या स्लाइड्स. घरी बघायच्या, ओळखायच्या, आणि परिषदेत उभं राहून सांगायचं की ही गाठ अमुक. शेवटी ज्याची केस तो उत्तर फोडतो. दुर्मीळ केस ज्याच्याकडे त्याचा मान मोठा. आणि स्लाइड परत करायची नसते. ज्याची त्याने संग्रहात ठेवायची. लहान मुलं काचेच्या गोट्या जमवतात तसे आम्ही शिकलेसवरलेले लोक माणसांच्या गाठी जमवतो.

"बिनरंगाची एखादी तरी स्लाइड उरलीय का?" मी विचारलं. औषध ठरवायची जी तपासणी मुंबईला व्हायची होती, तिला रंग न दिलेले काप चालले असते.

पाटोळेंनी सरांच्या केबिनच्या दाराकडे एकदा बघितलं.

"न्हाई मॅडम," ते म्हणाले.

*

हे काप राजश्री चौगुलेच्या फुप्फुसातले होते. राजश्री इचलकरंजीची, तिशीतली, बालवाडीत शिकवायची. नवरा महावीर, त्याचं दुचाकीचं गॅरेज. पोरगी नुकती पहिलीत गेलेली. खोकला हटेना म्हणून तिला कुठेतरी टीबीची औषधं दिली होती. ती तिने महिनोन् महिने इमानाने गिळली आणि गाठ आत वाढत राहिली. आमच्या कोल्हापूरच्या हॉस्पिटलात आली तेव्हा ती पेरूएवढी झाली होती आणि हृदयाकडून येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. सर्जननी फोटो बघून ऑपरेशनला नकारार्थी मान हलवली. सुईने तुकडा काढताना तिला रक्ताची गुळणी आली, फुप्फुस बसलं, छातीत नळी घालावी लागली. रेडिओलॉजिस्टने मला स्वतः सांगितलं होतं, "वासंती, हे तीन धागे सांभाळ. मी पुन्हा त्या बाईत सुई घालणार नाही."

मी ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तेव्हा आधी वाटलं, ही नुसतीच सूज. पण त्या गर्दीत लांबट पेशींचे पट्टे होते, आणि ते मला स्वस्थ बसू देईनात. मी स्लाइड आमचे विभागप्रमुख डॉ. जयसिंग सरनोबत यांच्याकडे नेली. सरांनी डोळा लावला आणि जेमतेम चहा ओतेपर्यंतच्या वेळात सांगितलं, "इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर. शाबास मगदूम. सुजेचं सोंग घेणारी गाठ. अशी केस जन्मात एकदा येते."

सरांचा डोळा तसाच होता. मला बघायला त्यांनीच शिकवलं. गावाकडच्या, बिचकत बोलणाऱ्या मुलीला त्यांनी आपल्या शेजारी स्टुलावर बसवून वर्षानुवर्षं शिकवलं, हे मी नाकारणार नाही.

पण निदानाने पेशंट बरा होत नाही. या जातीच्या निम्म्याअधिक गाठींत एएलके नावाचा एक जीन तुटून भलत्याच जागी जोडला गेलेला असतो. तसा तो असेल, तर त्यावर गोळी होती. कॅन्सरचे डॉक्टर इनामदार मला म्हणाले होते, "मला जीनची टेस्ट आणून दे. पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी गोळी सुरू करतो. अशा गाठी विरघळलेल्या मी बघितल्यात. रिपोर्टशिवाय आमची कमिटी मला ती गोळी देऊ देणार नाही. बाकीच्या औषधांवर या गाठीत माझा भरवसा नाही."

ती टेस्ट मुंबईला व्हायची. मुंबईने ब्लॉक मागितला. मी रजेवरून येऊन तो काढला आणि त्यातून मला खिडकीची जाळी दिसली.

*

सर खुर्चीत रेलून परिषदेची भाषणं वाचत होते. टेबलावर स्लाइडवर नंबर कोरायची त्यांची हिऱ्याची पेन्सिल. ती ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"ये मगदूम. आईचं ऑपरेशन झालं का नीट?"

"झालं सर. सर, चौगुलेचा ब्लॉक संपलाय."

"हो. सेट काय सुंदर झालाय, बघितलास? पाटोळेचा हात अजून पूर्वीसारखा चालतो."

"सर, त्यावर एएलके करायचं होतं."

"निदान झालंय ना?"

"निदान झालंय. औषध ठरायचंय."

सर हसले. "तुमच्या पिढीला सगळ्याला जीन लागतो. आम्ही जन्मभर डोळ्यांनी सांगत आलो."

"डोळ्यांना जीन दिसत नाही सर."

हसू गेलं. त्यांनी कागद खाली ठेवले.

"मग परत बायोप्सी करायला सांग."

"सुई घातली तर ती टेबलावर जाईल, असं रेडिओलॉजिस्टच म्हणतात."

"मग मी काय करू म्हणतेस? पोस्टात गेलेलं परत आणू? सबंध महाराष्ट्राने ही केस बघितली पाहिजे. उद्या नाशकात, लातूरला एखाद्याच्या समोर अशीच गाठ आली तर तो टीबी म्हणून सोडून देणार नाही. हे तुला दिसत नाही?"

दिसत होतं. त्याचीच चीड जास्त आली. बोलणं खोटं नव्हतं, आणि त्या खऱ्या बोलण्याखाली राजश्री चौगुले गाडली जात होती.

"एक धागा ठेवला असता तरी चाललं असतं सर. एकच."

"मगदूम," सर शांतपणे म्हणाले, "आवाज खाली."

*

महावीर बाहेर बाकावर बसला होता. मगदूम हे आडनाव ऐकून मीही त्यांच्यासारखीच जैन हे कळल्यापासून तो मला अक्का म्हणायचा. आमच्याकडे थोरल्या बहिणीला तेच म्हणतात. त्याच्या हातावरचं ऑइल धुऊन धुऊनही नखांत राहिलेलं.

"अक्का, मुंबईला कवा पाठवायचं?"

मला थाप मारता आली असती. नमुना खराब झाला, यंत्र बिघडलं. आमच्यात अशा थापा सर्रास मारतात आणि लोक निमूट ऐकून घेतात. मी त्याला खरं सांगितलं. तुकडा संपला. डॉक्टरांच्या परिषदेसाठी स्लाइड्स केल्या आणि वाटल्या.



"ती तुकड्याची बाटली मी खाली आणून दिल्ती," तो म्हणाला. "माझ्या हातानं. सिस्टर म्हणाली सांडू नका, म्हणून दोनी हातांत धरून आणली वो, अक्का. जिन्यावरनं."

"माहीत आहे मला."

"तिच्या अंगातलं हाय ते. कुणाला इचारून वाटलं?"

 तो ओरडला असता, त्याने माझ्या टेबलावरचं सूक्ष्मदर्शक उचलून आपटलं असतं, तरी मी त्याला अडवलं नसतं. पण असली माणसं हॉस्पिटलात ओरडत नाहीत. बाहेर बेड मिळायची मारामार आहे हे त्यांना ठाऊक असतं.

मी वॉर्डात गेले तेव्हा राजश्रीला ते कळलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, उशी उंच केलेली. दम घेत घेत बोलत होती.

"अक्का, माझी गाठ लई फेमस झाली म्हणं."

"झाली खरी."

"कुठं कुठं गेली?"

"नागपूर, लातूर, नाशिक. एक बॉक्स पणजीलाही गेलाय."

"बघा." ती हसली आणि हसण्याने तिला खोकला आला. तो ओसरेपर्यंत मी तिची पाठ धरून बसले. "मी मिरजेच्या पलीकडं गेलेली न्हाई. गोव्याला जाऊ म्हणून यांच्या मागं लागलीय लग्नापासनं. मीच ऱ्हायले आन् गाठ जाऊन आली."

मग तिने माझा हात धरला. "अक्का, मला त्या गोळीचं खरं सांगा. मिळणार का न्हाई?"

"मिळवते," मी म्हणाले. वॉर्डातून बाहेर पडले तेव्हा मी अक्षरशः दातओठ खात होते.

मुंबईच्या लॅबमधल्या डॉ. फरीदा माझ्या ओळखीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रंग दिलेल्या स्लाइड्सवरूनही कधी कधी निघतं," त्या म्हणाल्या. "वरची काच सोडवायची, रंग धुवायचा, पेशी खरवडून सगळ्या एकत्र करायच्या. पण एकदोन स्लाइड्सनी काही होणार नाही. ढीगभर आण. आणि आशा फार ठेवू नकोस."

परिषद त्याच आठवड्यात महाबळेश्वरला होती. म्हणजे तो ढीग आपापल्या पायांनी एका हॉलमध्ये जमणार होता.

*

हॉटेलच्या हॉलमध्ये गारवा होता, मागच्या टेबलावर स्ट्रॉबेरी आणि क्रीम मांडलेलं. सकाळभर एकेक केस होत गेली. सातवी आली तेव्हा खुर्च्या सरकवून लोक पुढे बसले.

"मी तर टीबीच म्हटलं बुवा," एकाने सांगितलं आणि हशा झाला.

"मी सार्कोमा म्हटलं."

"मी माझ्या बायकोला विचारलं, ती म्हणाली सूज आहे," तिसरा म्हणाला. त्याची बायकोही पॅथॉलॉजिस्ट होती. पुन्हा हशा.

सरांनी मग उत्तर सांगितलं. पडद्यावर राजश्रीच्या पेशी भिंतीएवढ्या झाल्या, गुलाबी आणि जांभळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "काय सुंदर केस आहे!"

मी शेवटच्या रांगेतून उठले आणि माइक फिरवणाऱ्या माणसाच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"ही केस जिवंत आहे," मी म्हणाले.  "सात नंबर या घटकेला कोल्हापूरला वॉर्डात ऑक्सिजनवर आहे. तिशीतली बाई आहे. तिला एक गोळी लागू पडेल की नाही, हे बघायला तुकडा उरलेला नाही, कारण तो तुम्हा सगळ्यांच्या खोक्यांत आहे. मला माझ्या पेशंटचा तुकडा परत हवाय. सगळ्यांनी सात नंबरची स्लाइड काढा आणि इथे आणून द्या."

 अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, हा विषय तुमच्या विभागाचा अंतर्गत आहे. आपण तो नंतर..."

"नंतर ती नसेल," मी म्हणाले.

आणि तेव्हा सर व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांनी आपल्या बॅगेतला सेट काढला, सात नंबरची स्लाइड उपसली आणि सगळ्यांसमोर वर धरली.

"माझी विद्यार्थिनी बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "पहिली स्लाइड माझी घ्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आधीच्या टाळ्यांहून मोठा.

मी स्ट्रॉबेरीचा एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका उचलला, तळाला नॅपकिन घातले आणि रांगेरांगेतून फिरले. बहुतेकांनी दिल्या. लातूरच्या एक वयस्कर बाई स्लाइड ठेवताना रडल्या. काहींनी मात्र अशी दिली की जणू मी त्यांच्या खिशात हात घालत होते. पुण्याचे एक बडे लॅबवाले म्हणाले, "मी सेट घरी विसरलो."

"मग खुर्चीखाली काय, जेवणाचा डबा आहे?"

आजूबाजूचे हसले. त्यांनी लाल तोंडाने खोका उघडला आणि स्लाइड दोन बोटांत धरून, "इतकी चांगली केस," असं पुटपुटत टाकली.

खोका भरला. मी सरांच्या पाया पडले, तिथेच, सगळ्यांदेखत. माझा सगळा राग एका क्षणात विरघळला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लोकांनी त्याचेही फोटो काढले.

*

फरीदांनी जिवाचं रान केलं. पण त्या स्लाइड्स साध्या काचांच्या होत्या. तपासणीच्या काचेला चिकट लेप दिलेला असतो, म्हणजे धुताना काप निसटत नाही. भेट म्हणून वाटायच्या स्लाइड्सना कोण लेप देतो? रंग धुताना कापांमागून काप काचेवरून सुटले आणि वाहून गेले. उरलेल्यांतून जे खरवडून निघालं त्याने यंत्र काही बोलेना. त्यांनी पुन्हा करून बघितलं. रिपोर्ट आला: नमुना अपुरा, निर्णय देता येत नाही.

इनामदार कमिटीशी भांडले. कमिटीने नियम दाखवला. त्यांनी मग दुसरं औषध दिलं, ज्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्या औषधाने राजश्रीचे केस तेवढे गेले. होळीच्या आधी ती गेली.

महावीर कागदपत्रं न्यायला आला तेव्हा मुंबईचा तो रिपोर्ट घडी घालून त्याच्या खिशात होता. त्याने तो माझ्यासमोर पसरला.

"अक्का, हे काय लिवलंय? म्हंजे ते हुतं का न्हवतं?"

"कळलं नाही, असं लिहिलंय."

"आन् असतं तर गोळी लागू पडली असती?"

"बहुतेक. हो."

त्याने कागदाची पुन्हा घडी घातली. "एवढं तरी कळाया पायजे हुतं वो," तो म्हणाला. "पोरगी मोठी झाल्यावर इचारंल मला."

*

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसले. ती टेस्ट आता आमच्याच लॅबमध्ये होते. आणि ब्लॉकला कुणी हात लावायचा असेल तर आधी मला विचारावं लागतं. माझ्या हाताखाली शिकणारी मुलं मला तोंडावर मॅडम आणि पाठीमागे खवीस म्हणतात. म्हणोत.

यंदा सरांच्या घरच्यांनी त्यांचा सबंध संग्रह विभागाला द्यायचं ठरवलं. सरांच्या नावाने संग्रहालय करायचं, उद्घाटन करायचं, भाषण अर्थातच मी करायचं. शिसवी कपाट आलं. त्याचे सपाट कप्पे मी एकेक करून पुसत होते. एका कप्प्याच्या मागे, भिंतीशी दडपलेली, चांदीच्या कागदात गुंडाळलेली डबी हाताला लागली.

आत स्लाइड्स होत्या. बिनरंगाच्या. लेप दिलेल्या काचांवर, प्रत्येकीवर तीन पातळ फिकट धागे, आणि वर काप टिकावेत म्हणून मेणाचा हात फिरवलेला. काचेच्या कडेला हिऱ्याच्या पेन्सिलने कोरलेला नंबर. तो नंबर मला कुठे ताडून बघावा लागला नाही. तो मला माझ्या फोन नंबरासारखा पाठ आहे.

मी पाटोळेंना फोन लावला. ते आता गडहिंग्लजला लेकाकडे असतात.

"पाटोळे, चौगुलेच्या बिनरंगाच्या स्लाइडा काढल्या होत्या तुम्ही?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"सरांनी सांगितल्या हुत्या मॅडम. परदेशी पाठवायच्या म्हणाले, पेपर लिवायला. जीन त्येच करणार हुते तिकडं. कुणाला बोलू नको म्हणाले."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"इचारलं हुतं," पाटोळे म्हणाले आणि रडायला लागले. मी फोन ठेवला. त्यांचं रडणं ऐकून घ्यायला माझ्याजवळ जागा नव्हती.

त्यांतली एक स्लाइड मी स्वतः यंत्रात लावली. एएलके असेल तर पेशी तपकिरी होतात. इतक्या वर्षांनी रंग धरेल की नाही अशी शंका होती. दुपारपर्यंत स्लाइड बाहेर आली. मी डोळा लावला. पेशी न् पेशी तपकिरी होती. दोन स्लाइड्स मी जीनच्या तपासणीलाही दिल्या, कारण मला आता कुणीही शंका घेतलेली नको होती. तिथूनही तेच आलं. एएलके तुटलेला, भलत्या जागी जोडलेला. पॉझिटिव्ह.

टेस्टला लागणारं सगळं तेव्हा होतं. माझ्या केबिनपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा सरांच्या केबिनमध्ये असलेल्या याच कपाटात. मी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचा खोका घेऊन भीक मागत फिरले, तेव्हाही होतं. मी पाया पडले तेव्हाही.

*

सर आता ऐंशीच्या पुढे गेलेत. ताराबाई पार्कात राहतात. ऐकू कमी येतं, चालवत नाही, पण खिडकीशी सूक्ष्मदर्शक अजून मांडलेलं असतं. काकूंनी दार उघडलं. मी काही न बोलता ती तपकिरी स्लाइड सरांच्या हातात दिली.

सरांचा हात वयाने थरथरत होता. पण बोटं सूक्ष्मदर्शकाच्या चकतीवर गेली तशी स्थिर झाली.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा! काय पॉझिटिव्ह आहे! सगळ्या पेशी रंगल्यात बघ. हे एएलके ना?"

"हो सर."

"फुप्फुस. इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक." त्यांनी वर बघितलं. चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "डोळे अजून शाबूत आहेत ना माझे?"

"शाबूत आहेत सर."

"नशीबवान पेशंट. हल्ली यावर गोळी आहे म्हणतात."

"तेव्हाही होती सर."

"केव्हा? कुणाची केस ही?"

"राजश्री चौगुले."

"कोण?"

"राजश्री चौगुले, सर. इचलकरंजीची."

त्यांनी आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला. काही सापडलं नाही.

"सात नंबर," मी म्हणाले. "महाबळेश्वर."

"सात नंबर!" सरांनी टेबलावर थाप मारली. "असं सांग की! काय केस होती ती! सगळे उताणे पडले होते."

"तिच्या बिनरंगाच्या स्लाइड्स तुमच्या कपाटात निघाल्या. डबीभर."

"हो, हो. पेपर लिहायचा होता. मग तो लिहायचा राहूनच गेला."

"मी तेव्हा त्याच मागत होते."

"तुला मिळाल्या की भरपूर," सर म्हणाले. "पहिली मीच दिली होती. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या!"

घरून निघताना मी काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. रस्ताभर त्याचीच घोकंपट्टी केली होती. त्या म्हाताऱ्या, आनंदी चेहऱ्यासमोर त्यातला एकही शब्द लागू पडेना, आणि माझा राग जाग्यावरच राहिला, तसाच, गरम.

सरांनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखालून काढली, फडक्याने हळुवार पुसली आणि स्वेटरच्या खिशात घातली.

"ही माझ्याकडे राहू दे, मगदूम. कपाट तुम्ही नेलंत. ही एवढी एक ठेवतो."

मी पुढे झाले आणि त्यांच्या खिशातून ती काढून घेतली. काकू दारातून बघत होत्या.

"ती तुमची नाही सर."

सरांनी रिकामा खिसा चाचपला. त्यांना राग आला नव्हता, लाज वाटली नव्हती. ते नुसते गोंधळले होते.

"मग कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी खाली आले. स्लाइड रुमालात गुंडाळून पॉझिटिव्ह रिपोर्टाबरोबर पर्समध्ये ठेवली, महावीरच्या गॅरेजला फोन करून मी येतेय म्हणून सांगितलं, आणि इचलकरंजीचा रस्ता धरला.